खेळण्यांच्या दुकानातले मास्तर

परवा नातवाच्या मित्राचा वाढदिवस होता. भेट काय द्यायची यावर घरात दोन दिवस खल चालला होता. मी आपलं सुचवलं, "तुळशीबागेत जाऊ, पितळी भातुकली छान मिळते." नातवाने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्याच्या मित्राला धोतरजोडी द्यायला सांगितली! शेवटी सूनबाईने गाडी काढली आणि आम्ही तिघं एका मोठ्या दुकानात जाऊन पोचलो.

दुकान कसलं, मजलाच्या मजला होता तो. जमिनीपासून छतापर्यंत नुसती खोकी. आमच्या लहानपणी खेळणी म्हणजे जत्रेतली पिपाणी, लाकडी बैलगाडी, नाहीतर भोवरा. विकत आणायचा बैठा खेळ म्हणजे जास्तीत जास्त सापशिडी, आणि तीही मामाची मर्जी असेल तर. बाकी मग जमिनीवर खडूने पट आखायचा आणि चिंचोके फोडून त्यांची दानं टाकायची. इथे मात्र काय पाहावं आणि काय नाही! माझे गुडघे कुरकुरायला लागले तशी तिथल्या एका मुलीने कुठूनसं स्टूल आणून दिलं. मग मी स्टुलावर आणि नातू एकेक खोकं आणून दाखवतोय, असा आमचा दरबार भरला.

"आजी, हा बघ नवीन!" "आजी, हा तर एकदम नवीन!" असं त्याचं चाललेलं. माझं इंग्रजी बी.ए.पुरतं, त्यामुळे खोक्यावरचं बारीक अक्षर तोच वाचून दाखवत होता. पण चारपाच खोकी झाल्यावर मला वाटायला लागलं की यातले बरेचसे चेहरे ओळखीचे आहेत. सापशिडी होती, फक्त साप हसरे झाले होते. भारताच्या नकाशाचं तुकडे जुळवायचं कोडं होतं. रंगीत घन होता, तो फिरवायचा. व्यापाराचा खेळ होता, त्याचे तर पाचसहा प्रकार. आणि एका कोपऱ्यात घडी घातलेला एक कापडी पट होता. तो उलगडला तर सापशिडीच, पण प्रत्येक घरात आकड्याबरोबर एकेक नाव : लोभ, मत्सर, भक्ती, सत्संग...

भेटवस्तू घेतली, बिल झालं, घरी आलो. पण तो कापडी पट काही डोक्यातून जाईना. मुलाने संगणक लावून दिला, ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आणि गेला महिनाभर मी या खेळांच्या मागे लागले आहे. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, पण खेळण्यांनाही इतिहास असतो हे कधी मनात आलं नव्हतं. जे सापडलं ते इथे मांडते आहे. शेवटी थोडं माझं स्वतःचंही आहे. ते सांगायचं की नाही यावर आठवडाभर विचार केला. असो, तिथे आल्यावर बघू.

आधी ते नकाशाचं कोडं. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा एक नकाशे कोरणारा कारागीर होता. त्याने नकाशे महोगनीच्या पातळ फळीवर चिकटवले आणि देशांच्या सीमांवरून करवतीने कापले. पोरांनी ते जुळवायचे आणि जुळवता जुळवता भूगोल शिकायचा. इंग्लंडच्या राजवाड्यात तिसऱ्या जॉर्जच्या मुलांना सांभाळणाऱ्या लेडी शार्लट फिंच या बाईंनीही शिकवायला असेच कापलेले नकाशे वापरले. म्हणजे आज हजार हजार तुकड्यांत किल्ले, फुलं नि मांजरीची पिल्लं जुळवत बसतात, त्या खेळाचा जन्म झाला तो भूगोलाच्या तासासाठी! मला हे वाचून फार बरं वाटलं. नातवाने दुकानात उचललेल्या भारताच्या कोड्यात तेलंगणाचा तुकडा वेगळा होता. मी शिकवत होते तेव्हा तो आंध्रातच होता. २०१४ साली राज्य वेगळं झालं आणि कोड्यात एक तुकडा वाढला. बाकी भूगोल मात्र त्या खोक्यांतून जवळजवळ हद्दपार झालाय.

आता सापशिडी. आपल्याकडे मोक्षपट म्हणतात आणि त्याचं जनकत्व ज्ञानेश्वर माउलींकडे देतात. ती श्रद्धेची गोष्ट झाली. अभ्यासकांच्या हाती आलेले जुने पट मात्र मुख्यतः अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले आहेत. ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयातल्या अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी या पटांचा बराच अभ्यास केला. उत्तरेत याला ज्ञानचौपड म्हणत. जैनांचा पट बहुधा चौऱ्याऐंशी घरांचा, आणि पर्युषणाच्या दिवसांत तो खेळायची चाल होती. वैष्णवांचा बहात्तर घरांचा. गंमत म्हणजे या बहात्तर घरांत वैकुंठ आहे अडुसष्टाव्या घरात. म्हणजे शेवटच्या घरात पोचणं महत्त्वाचं नाही, नेमकं तिथे थांबता आलं पाहिजे! पुढे गेलात तर पुन्हा खाली येऊन फेरा सुरू. सुफींनीही आपला पट केला होता. कवड्या टाकायच्या आणि जे घर येईल त्याच्या पापपुण्याप्रमाणे वर जायचं किंवा खाली यायचं. शिड्यांपेक्षा साप बहुधा जास्तच. संसार तसा आहे, त्याला पट तरी काय करणार?

हा पट गोऱ्या साहेबांबरोबर विलायतेला गेला. १८९०च्या दशकात तिकडे तो छापून विकायला लागले. सुरुवातीला त्यांनीही त्यात आपला उपदेश भरला. काटकसर, उद्योग, पश्चात्ताप यांच्या शिड्या चढून सुबत्ता, यश आणि कृपा मिळायची. आळस आणि आज्ञाभंग यांचे साप थेट दारिद्र्यात आणि बदनामीत नेऊन टाकायचे. आपला मोक्ष गेला आणि त्यांची सुबत्ता आली! पण तीही फार दिवस टिकली नाही. हळूहळू नावं गेली, नुसते आकडे राहिले. अमेरिकेत १९४३ साली तर सापच काढून टाकले आणि बागेतल्या घसरगुंड्या आणल्या. आणि मग शंभर आकड्यांचा तो पुठ्ठा आपल्याकडे परत आला, आपणही तो आनंदाने विकत घेतला. मला मामाने आणून दिला होता तो हाच. त्यात कोणत्याही घरात कसलंही नाव नव्हतं. नव्याण्णववरचा साप मात्र होता. तो कोणत्या पापाचा हे कोणी सांगितलं नाही, पण गिळला गेल्यावर रडू नये एवढं त्याने मला शिकवलं.

तो रंगीत घन माझ्या पाहण्यातला. १९८१-८२च्या सुमारास आमच्या गावात पहिल्यांदा आला आणि शिक्षकांच्या खोलीत गणिताचे गुरुजी चहा थंड होईपर्यंत तो फिरवत बसायचे. हा घन केला हंगेरीतल्या बुडापेस्टच्या एर्नो रुबिक यांनी १९७४ साली, आणि तेही मास्तरच! उपयोजित कलांच्या महाविद्यालयात शिकवायचे. तुकडे तर प्रत्येक बाजूने सुटे फिरले पाहिजेत, पण सगळं मिळून सुटून पडता कामा नये, हे त्यांच्यापुढचं कोडं होतं. ते सुटलं. मग त्यांनी बाजूंना रंग दिले, चार वेळा फिरवलं आणि लक्षात आलं की आता रंग परत जागेवर कसे आणायचे ते त्यांनाच ठाऊक नाही. आपण केलेला घन जमवायला त्यांना स्वतःला महिनाभर लागला. रंगांच्या शक्य मांडण्या त्रेचाळीसवर अठरा शून्यं इतक्या आहेत. आणि २०१० साली संगणकाच्या मदतीने असं सिद्ध झालं की घन कसाही विसकटलेला असो, जास्तीत जास्त वीस खेळ्यांत तो जमतो. आमच्या गुरुजींचा काही शेवटपर्यंत जमला नाही. पण वर्गात शिकवणाऱ्या माणसाने स्वतःच्या प्रश्नाचा असा महिनाभर विद्यार्थी होऊन पाठलाग करावा, हे मला आवडलं.

आता व्यापार. याच्यावर मी जास्त लिहिणार आहे, त्याला कारण आहे.

आपण 'व्यापार' नाहीतर 'बिझनेस' म्हणून मुंबई, कलकत्ता, मद्रास विकत घेत जो खेळ खेळलो, तो मूळचा अमेरिकेतला 'मोनोपॉली'. पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो १९३५ साली बाजारात आणला. तेव्हा तिकडे महामंदी होती, माणसं बेकार होती, आणि संध्याकाळी घरात बसून लोक खोट्या नोटांनी खऱ्या गावांचे रस्ते विकत घेत होते. चार्ल्स डॅरो नावाच्या बेकार गृहस्थाने हा खेळ शोधला आणि लखपती झाला, अशी गोष्ट कंपनी कित्येक वर्षं सांगत होती.

ती गोष्ट खरी नव्हती. खेळ मुळात केला होता एका बाईने. एलिझाबेथ मॅगी तिचं नाव, लिझी म्हणत. ती लघुलेखनाचं काम करायची. तिने १९०३ साली या खेळाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ साली ते तिला मिळालं. खेळाचं नाव 'जमीनदाराचा खेळ'. तिच्या वडिलांनी तिला हेन्री जॉर्ज यांचं 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे १८७९ सालचं पुस्तक दिलं होतं. त्यातलं म्हणणं थोडक्यात सांगायचं तर असं : जमिनीची किंमत मालकाच्या घामाने वाढत नाही. शेजारी रस्ता होतो, स्टेशन होतं, वस्ती वाढते, म्हणून ती वाढते. म्हणजे ती किंमत सगळ्यांनी मिळून निर्माण केलेली असते. तर मग कर लावायचा तो जमिनीच्या किमतीवर लावा आणि माणसाच्या श्रमाला मोकळं सोडा.

हे लोकांना भाषणं देऊन कळत नाही, खेळून कळेल, असं लिझीबाईंना वाटलं. त्यांच्या पटावर एका कोपऱ्यात धरणीमाता होती. तिथून फेरी पूर्ण केली की श्रमाचं वेतन म्हणून शंभर मिळायचे. (तीच जागा पुढे आपल्या खेळातलं 'सुरुवात' हे घर झाली. पैसे आपण अजूनही घेतो, पण कशाचे ते कोणी विचारत नाही!) दुसऱ्या कोपऱ्यात एका विलायती उमरावाची जमीन होती आणि तिच्यावर पाऊल पडलं की तुरुंग. पुढे तर त्यांनी खेळाचे नियम दोन प्रकारचे केले. एका प्रकारात प्रत्येकाने जमिनी बळकवायच्या आणि बाकीच्यांना भिकेला लावायचं. दुसऱ्या प्रकारात जमिनीचं भाडं मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक खजिन्यात जायचं आणि सगळ्यांचीच स्थिती सुधारायची. दोन्ही खेळून बघा आणि काय बरं ते तुम्हीच ठरवा, असा तो धडा होता. मला विचाराल तर याहून चांगला पाठ मी माझ्या बी.एड.च्या वर्षात पाहिला नाही.

हा खेळ हातोहात पसरला. काही प्राध्यापकांनी तो वर्गात वापरला. ज्या गावात जाई तिथले लोक कापडावर नाहीतर पुठ्ठ्यावर आपला पट काढत आणि त्यात आपल्याच गावातले रस्ते भरत. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर पंथाच्या मंडळींनी आपल्या गावातल्या रस्त्यांची नावं घातली. तोच पट फिरत फिरत डॅरोसाहेबांच्या हाती लागला. कंपनीने पुढे लिझीबाईंचं १९२४ सालचं दुसरं पेटंट पाचशे डॉलरला विकत घेतलं, विक्रीवरचा वाटा काही दिला नाही. दुसऱ्या प्रकारचे नियम विस्मरणात गेले. जमिनी बळकवण्याचा खेळ तेवढा जगभर गेला. बाई १९४८ साली वारल्या. खरी हकीगत बाहेर आली ती १९७०च्या दशकात, राल्फ अँस्पाक नावाच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने (हेही मास्तर!) त्याच कंपनीशी न्यायालयात झुंज घेतली तेव्हा.

हे सगळं वाचून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही. का ते सांगते.

१९८३ सालची गोष्ट. मी तेव्हा फलटण-माळशिरस भागातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत होते. हा सगळा नीरा उजव्या कालव्याचा पट्टा. कालव्याच्या खाली ऊस आणि वर कुसळं. पाच मैलांच्या अंतरावर दोन वेगळे देश असावेत असा प्रकार. माझ्या आठवीच्या वर्गात दोन्हीकडची मुलं असायची. तिसऱ्या बाकावर बसणारा एक मुलगा वरच्या, कोरड्या अंगाच्या गावातला होता. त्याचं नाव मला चांगलं आठवतंय, पण इथे लिहीत नाही. १९७२च्या दुष्काळात त्याचे आईवडील खडी फोडायला जात होते, हे त्यानेच एकदा निबंधात लिहिलं होतं.

तास इतिहासाचा होता. धडा कायमधारा आणि रयतवारी. फळ्याकडून वळले तर तिसऱ्या बाकाभोवती चार डोकी एकत्र आलेली. जाऊन पाहिलं तर बाकाखाली कॅलेंडरच्या पाठीवर आखलेला एक पट. पुण्याला मामाकडे त्याने व्यापाराचा खेळ पाहिला होता आणि आठवून आठवून घरी तसा काढला होता. पण त्यात मुंबई-कलकत्ता नव्हती, आमच्या तालुक्यातली गावं होती. रंगीत खडूने घरं रंगवलेली. बाभळीच्या काटक्यांचे तुकडे म्हणजे घरं, आणि आगपेटीच्या कागदाच्या चिठ्ठ्या. वीज कंपनीच्या जागी साखर कारखाना. रेल्वेच्या जागी एस.टी. स्टँड. आणि तुरुंगाच्या जागी 'मुख्याध्यापकांची खोली'. त्याच्या शेजारचं घर होतं 'बाईंचा तास : एक डाव गप्प बसा'.

तेवढंच माझ्या नजरेत भरलं. वर्ग फिसकन हसला. मी तो कागद उचलला आणि वर्गासमोर चार तुकडे करून टोपलीत टाकला. तो काही बोलला नाही. त्याने वरसुद्धा पाहिलं नाही. मी परत फळ्याकडे गेले आणि कॉर्नवॉलिसने १७९३ साली बंगालात काय केलं ते सांगायला लागले.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मी हा किस्सा रंगवून सांगितला आणि सगळे हसले. मीही हसले.

आठवड्याने माझ्या पाठ्यपुस्तकात एक चिठ्ठी सापडली. कागद फाडताना त्यात राहिली असावी. तिच्यावर लिहिलं होतं, 'तुमच्या गावाला कालवा आला. भाडं तिप्पट घ्या.' मला त्यात काही विशेष वाटलं नाही. वर्षभर ती खुणेला वापरली, मग कुठेतरी गेली.

पण आता लिझीबाईंची हकीगत वाचताना ते घरांवरचे आकडे माझ्या डोळ्यांपुढे आले. त्या दोनचार क्षणांत मी ते पाहिले होते. कालव्याकाठच्या गावांच्या किमती तीनशे, साडेतीनशे होत्या. वरच्या अंगाच्या गावांच्या वीस, तीस. त्याच्या स्वतःच्या गावाची वीस. तेरा वर्षांच्या त्या मुलाने हेन्री जॉर्जचं नावही ऐकलेलं नव्हतं, पण जमिनीला किंमत कशाने येते हे त्याने बरोबर मांडलं होतं. शेत तेच, घाम तोच, पण सरकारने खणलेलं पाणी कुणाच्या बांधाला लागतं यावर भाडं तिप्पट. मी शेतसाऱ्याचा धडा शिकवत होते आणि शेतसाऱ्याचा धडा माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकाखाली चालला होता. मी तो फाडला, कारण त्यात माझी थट्टा होती.

नववीनंतर तो शाळेत दिसला नाही. माझ्यामुळे नव्हे, एवढं मी खात्रीने सांगू शकते. घरची ओढाताण होती, आणखी दोन मुलं त्याच वर्षी सुटली. पण त्यामुळे माझं फाडणं काही कमी होत नाही.

आता थोडं या सगळ्याबद्दल. महिनाभर वाचून माझ्या लक्षात आलं ते असं की त्या दुकानात मास्तरांची गर्दी आहे. कुणी भूगोल शिकवायला निघालं होतं, कुणी मोक्षाचा मार्ग, कुणी अर्थशास्त्र. प्रत्येकाचा धडा वाटेत गळून गेला आणि खेळ तेवढा उरला. याचं मला आधी वाईट वाटलं. मग वाटलं, वर्गात तरी वेगळं काय होतं? जुने विद्यार्थी भेटतात, पाया पडतात. पानिपतचं साल एकालाही आठवत नाही. "बाई, तुमचा खडूचा नेम फार भारी होता," एवढं मात्र सगळ्यांना आठवतं! शिकवलेलं गळतं आणि सोबत बसून जे केलं ते राहतं. सापशिडीने पापपुण्य कुणाला शिकवलं नसेल, पण हरल्यावर पट न उधळता पुन्हा दान टाकायला शिकवलं, ते ती अजून शिकवते आहे.

धडा टिकतो तो बहुधा दुसऱ्याच ठिकाणी. अटलांटिक सिटीच्या लोकांनी पटात आपले रस्ते घातले, माझ्या विद्यार्थ्याने आपली गावं घातली. विकतच्या खेळात आपलं गाव लिहायला घेतलं की तो माणूस विचार करायला लागलेला असतो. ते ओळखणं हे मास्तराचं काम होतं. तेवढं एक मला त्या दिवशी जमलं नाही.

नातवाच्या मित्राला काय घेतलं ते सांगायचं राहिलंच. 'पँडेमिक' नावाचा खेळ घेतला, २००८ साली अमेरिकेत निघालेला. जगात चार रोग पसरतायत आणि खेळणारे कुणी डॉक्टर, कुणी शास्त्रज्ञ होऊन ते आवरतात. गंमत अशी की यात एकमेकांना हरवायचंच नसतं. जिंकलो तर सगळे, हरलो तर सगळे. नातवाने हे समजावलं तेव्हा मी स्टुलावरून उठूनच बसले. मला वाटलं होतं हे अगदी आजकालचं डोकं. आता वाटतं, लिझीबाईंच्या त्या हरवलेल्या दुसऱ्या नियमांचं हे कोणीतरी नातवंड असावं. रक्ताचं नातं असेल असं नाही, पण स्वभाव तोच.

मागच्या रविवारी मी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं, पट्टी घेतली आणि चारी कडांनी घरं आखली. आठवतील तेवढी नावं भरली. साखर कारखाना, एस.टी. स्टँड, मुख्याध्यापकांची खोली, बाईंचा तास, त्याचं गाव, आणि कालव्याकाठची चार गावं. नऊ झाली. पुढे काही आठवेना. नातू बाजूला येऊन बसला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग तू त्याला सॉरी म्हणालीस का?"

"नाही रे."

"का?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तो म्हणाला, "बाकीची घरं आपण भरू या?" मी म्हटलं, राहू देत.

माझ्या भाच्यांपैकी दोघं त्याच शाळेत होते आणि ते हे वाचतात, हे मला माहीत आहे. त्यांच्या ओळखीत त्या १९८३च्या आठवीतलं कोणी असेल तर त्याला एवढं विचारा, की तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलाच्या पटात आणखी कोणती घरं होती. आणि तो स्वतः कुठे आहे हे कुणाला ठाऊक असेल, तर मला कळवा. फोनवर नको, मी जाऊन भेटेन. गुडघ्यांचं बघू.